नरडाण्याच्या हॉलचा काळा फोटो

स्क्रीनवर करडा चौकोन होता आणि त्याखाली एक ओळ. ‘या प्रकारची फाइल उघडता येत नाही.’ मी तिसऱ्यांदा क्लिक केलं. तीच ओळ.

शेजारच्या खुर्चीवर रत्नाअक्का बसल्या होत्या. सकाळच्या गाडीनं नरडाण्याहून जळगावला आल्या होत्या, विचारत विचारत माझ्या स्टुडिओपर्यंत पोचल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कंपनीचं पत्र. त्या एकदा स्क्रीनकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे.

“दिखस का ताई? जाई दिखस का?”

जाई म्हणजे जाळी. त्यांच्या अहिराणीत ळ चा य होतो.

“थांबा अक्का. फाइल उघडू द्या,” मी म्हटलं.

खरं म्हणजे ती उघडत नव्हती आणि खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं होतं. का, ते सांगते.

मी कारखान्यांचे फोटो काढते. लग्नं, बारशी नाहीत. मशीन, माल, गोदाम, पॅकिंग, असलं काम. कंपन्यांना ब्रोशरला लागतं, वेबसाइटला लागतं. वीस वर्षं झाली. जळगावच्या चटई कारखान्यांपासून धुळ्याच्या तेल गिरण्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी मला गेटवर ओळखतात.

पंधरा दिवसांपूर्वी नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम होतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी. केळी बाहेरगावी जातात ती खोकी. तिथे एक क्रीझिंग मशीन आहे. दोन जाड रोलर फिरत असतात, कामगार पुठ्ठ्याचा ताव त्यांत सरकवतो, पलीकडे तो घड्यांच्या रेघा पडून निघतो. रोलरसमोर पिवळ्या रंगाची लोखंडी जाळी असते. तावापुरती फट, हात आत जाऊ नये म्हणून जाळी. त्याला सेफ्टी गार्ड म्हणतात.

ब्रोशरचा मुख्य फोटो त्याच मशीनचा हवा होता. मी लाइट लावले, कॅमेऱ्यातून बघितलं. जाळीच जाळी. मशीन दिसतच नव्हतं.

सुपरवायझर देवरे शेजारी उभे होते. मी त्यांना म्हटलं, “देवरेभाऊ, ही जाळी पाच मिनिटं काढता येईल का? फोटो फार छान येईल.”

देवरेंनी मशीन बंद केलं. चार बोल्ट काढले, जाळी भिंतीला टेकवून ठेवली. फोटो छान आला. मी पुढच्या खात्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीनवर काम करणाऱ्या भटू आप्पांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. तीन बोटं.

मला हे चार दिवसांनी कळलं. ब्रोशरसाठी फोन आला तेव्हा ऑफिसातली मुलगी बोलता बोलता म्हणाली, “इकडे जरा गडबड आहे मॅडम, क्रीझिंगला अॅक्सिडेंट झाला.” मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. फोन ठेवला आणि त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. चहा गॅसवर ठेवायचा आणि विसरायचा. जाळी परत लावली असेल ना? देवरे जबाबदार माणूस, लावलीच असेल. नसेल तर? हे दोन प्रश्न आठ दिवस डोक्यात फिरत होते आणि फोन उचलून विचारण्याची माझी छाती होत नव्हती.

आणि आता भटू आप्पांची बायको माझ्या शेजारी बसली होती.

त्यांनी पिशवीतलं पत्र माझ्या हातात दिलं होतं. ते मी वाचलं. कंपनीची अंतर्गत चौकशी होती, म्हणजे पोलीस-कोर्ट नाही, कंपनीनेच कामगारावर आरोप ठेवून केलेली. पत्रात लिहिलं होतं, ‘अपघाताच्या आदल्या दिवशी मशीनचे गार्ड देखभालीसाठी काढून त्याच दिवशी दुपारी साडेचार वाजता पूर्ववत बसवल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे. आपण काम लवकर उरकण्यासाठी ते स्वतःहून काढलेत.’ चौकशी दुसऱ्या दिवशी अकराला. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार. बावीस वर्षांची.

देखभालीसाठी. फोटोसाठी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रत्नाअक्का म्हणाल्या, “मना मालकनी जाई काढी नही ताई. ती पहिलेच नव्हती. बठ्ठासले माहीत शे. पन कोन्ही बोलत नही. मंग कोन्हीतरी सांगं, त्या फोटोवाल्या ताईले विचार. जाताजाता तिनी जिनावरथीन फोटो काढा व्हता.”

काढला होता. संध्याकाळी निघताना ऑफिसच्या लोखंडी जिन्यावरून अख्ख्या हॉलचा एक फोटो मी सहज काढला होता. समोर पश्चिमेच्या खिडक्या, उन्हाचा झोत थेट लेन्सवर. त्यामुळे खिडक्या पांढऱ्याफटक आणि हॉल काळा. उजव्या कोपऱ्यात क्रीझिंग मशीन असायला हवं, तिथे नुसता अंधार. तो फोटो मी कंपनीला दिलाही नव्हता.

पण त्या फोटोच्या दोन फाइल होत्या. एक JPEG, एक RAW.

हे सोपं करून सांगते. JPEG म्हणजे शिवलेला ब्लाऊज. कॅमेऱ्यानं स्वतःच्या अंदाजानं कापला, शिवला, उरलेलं कापड टाकून दिलं. नंतर उसवून फार काही मिळत नाही. RAW म्हणजे अख्खं कापड. कॅमेऱ्याला जेवढा उजेड दिसला तेवढा सगळा जसाच्या तसा. JPEG मध्ये जे नुसतं काळं दिसतं, त्यात RAW मध्ये बऱ्याचदा चेहरा सापडतो. म्हणून आम्ही दोन्ही ठेवतो.

पण RAW थेट दिसत नाही. ती उघडायला सॉफ्टवेअर लागतं. मी बारा वर्षं एकच सॉफ्टवेअर वापरते. तोवर त्यात सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या फाइल उघडत होत्या.

या वेळी कॅमेरा माझा नव्हता. माझा दुरुस्तीला गेला होता. रावेरचा किशोर चौधरी, माझ्याच लाइनमधला, त्यानं त्याची नवी बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, मला दोन दिवस दिली होती. ब्रोशर घाईचं होतं, JPEG चांगल्या आल्या होत्या, त्याच देऊन मी मोकळी झाले. RAW फाइल हार्डडिस्कवर उतरवल्या, कार्ड पुसलं, कॅमेरा किशोरला परत केला. RAW उघडून बघितली नाही. हा माझा धंद्यातला गाढवपणा.

मी सॉफ्टवेअर अपडेट केलं. नाही. दुसरं एक फुकटचं उतरवून बघितलं. नाही. मग सॉफ्टवेअरवाल्यांच्या पानावर वाचलं की या मॉडेलपासून कॅमेरा कंपनीनं RAW ला कुलूप लावलंय. फाइलची रचना बदलली आहे आणि ती बाहेरच्या कुणाला सांगत नाहीत. फाइल फक्त कॅमेरा कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणार.

ठीक आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यानं लॉगिन मागितलं. केलं. मग कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर मागितला. तो फाइलच्या माहितीत होता, टाकला. ‘हा कॅमेरा दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर नोंदलेला आहे.’

मी कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगा आला.

“मॅडम, रजिस्टर्ड ओनरच्या अकाउंटमधूनच अॅक्सेस मिळेल.”

“अहो, फोटो मी काढलाय. फोटो माझा आहे.”

“फोटो तुमचाच आहे मॅडम. फॉरमॅट कंपनीचा आहे.”

“मग मी काय करू?”

“ओनरने ट्रान्सफर रिक्वेस्ट टाकावी. पाच ते सात वर्किंग डेज.”

“चौकशी उद्या आहे.”

“कोणती चौकशी मॅडम?”

मी फोन ठेवला. किशोरला लावला. त्यानं सांगितलं की त्यानं बॉडी सुरतेच्या एका डीलरकडून घेतली होती, बिल डीलरच्याच नावाचं, रजिस्ट्रेशनही त्याचंच. डीलर फोन उचलेना.

मी खुर्चीत मागे टेकले. प्रयत्न तर केला. अपडेट केलं, फोन केले, आणखी काय करणार? कंपनीचं कुलूप आहे, माझ्या हातात नाही. अक्कांना तसं सांगावं आणि स्टेशनवर सोडून यावं. हा विचार माझ्या मनात आला, आणि किती सरळ वाटला तो. कोणी मला काही म्हणालं नसतं. माझं नाव तर कुठे नव्हतंच.

अक्का म्हणाल्या, “नही उघडत का?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुकानात वस्तू नाही म्हटल्यावर माणूस जसं बोलतो तसं. मला ते सहन होईना. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले. किशोरला पुन्हा फोन लावला.

“किशोर, काहीतरी उपाय सांग बाबा. ती फाइल मला आजच बघायचीय.”

तिकडे ट्रॅक्टरचा आवाज होता. तो ओरडून बोलत होता. “ताई, कॅमेरा स्वतःची फाइल स्वतः उघडतो ना! मेनूमध्ये आहे, RAW प्रोसेसिंग. फाइल कार्डावर टाका, कार्ड याच कॅमेऱ्यात घाला, उजेड वाढवा. त्याला लॉगिन-बिगिन काही नाही लागत.”

“कॅमेरा कुठे आहे?”

“माझ्या गळ्यात आहे. रावेरला पॅकिंगचं शूट करू राहिलो. फाइल पाठवली तरी इथे नेट नाही अन् लॅपटॉप घरी आहे. तुम्ही येत असाल तर संध्याकाळपर्यंत मी इथेच.”

साडेअकरा वाजले होते. मी लॅपटॉप, हार्डडिस्क आणि रिकामं कार्ड पिशवीत टाकलं.

“अक्का, मी रावेरला जाते. तुम्ही घरी जा, मी फोन करते.”

“मी बी येस,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

भुसावळला गाडी बदलली. बसमध्ये खिडकीची जागा मी त्यांना दिली. त्या आप्पांबद्दल बोलत होत्या. धुळ्याच्या दवाखान्यातून परवाच घरी आणलं होतं. जेवताना डावा हात पुढे करत नाहीत, उजवाच उचलतात, मग पट्टी बघून थांबतात. मी हं हं करत होते. सांगावं का आत्ता? फोटो बघून मग सांगू. जाळी लावलेली दिसली तर सांगायची गरजच काय? असा हिशेब मी फैजपूरपर्यंत करत होते.

तेवढ्यात फोन आला. देवरे.

निघण्याआधी मी कंपनीच्या ऑफिसला फोन करून उद्याची वेळ विचारली होती, कदाचित एक फोटो घेऊन येईन असंही बोलले होते. ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

“ताई, कसला फोटो आणताय?”

“हॉलचा. निघताना काढलेला.”

“तो तर काळा आलाय ना? तुम्हीच म्हटल्या होत्या जिन्यावर.”

“बघतेय काही दिसतं का.”

“ताई, तुमचं भलं म्हणून सांगतो. जाळी कोणासाठी काढली हे मी कुठेच लिहिलेलं नाही. तुमचं नाव नको यायला म्हणून. तुम्ही कशाला ओढवून घेताय? जाळी जागेवर होती एवढं म्हणा, संपलं.”

रत्नाअक्का खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना फोनमधलं ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, “देवरेभाऊ, साडेचारला खरंच लावली होती का?”

त्यांनी फोन ठेवला.

सावद्याच्या पुढे केळीच्या ट्रकांनी रस्ता धरलेला होता. बस मुंगीसारखी चालली होती. मी दोनदा उठून कंडक्टरला विचारलं, किती वेळ. तो म्हणाला, “ताई, ट्रकवाल्याला विचारा.”

किशोर आम्हाला एका पॅकिंग शेडमध्ये भेटला. रावेरपासून दोन किलोमीटर, रस्त्याच्या कडेला. बायका पाण्याच्या टाक्यांतून केळीच्या फण्या काढून पुसत होत्या, पुरुष खोकी भरत होते. खोक्यांच्या चळतीवर मी लॅपटॉप ठेवला. खाली बघितलं तर खोक्यावर नरडाण्याच्या त्याच कंपनीचा छाप. अक्कांनीही तो बघितला. हात लावला आणि काढून घेतला.

मी RAW फाइल कार्डावर टाकली. किशोरनं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, बटण दाबलं.

‘चित्र दाखवता येत नाही.’

“आता काय?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

किशोर डोकं खाजवत राहिला. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. तेच. मग एकदम म्हणाला, “ताई, फाइलचं नाव बदललं का तुम्ही?”

बदललं होतं. मी सगळ्या फाइलींना कामाचं नाव देते. नरडाणा, हॉल, नंबर. कॅमेऱ्याला ते नाव समजत नाही. त्याला त्यानं ठेवलेलंच नाव लागतं, चार अक्षरं आणि चार आकडे, आणि फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये लागते. आम्ही तसं नाव परत दिलं. घाईत मी एक आकडा चुकले, किशोरनं लॅपटॉप ओढून घेतला.

या वेळी फोटो आला. काळा.

किशोरनं मेनू उघडला. उजेड एक पायरी वाढवला. दोन. मग सावल्यांचा वेगळा पर्याय असतो, तो टोकापर्यंत नेला. कॅमेऱ्याच्या त्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर काळ्यातून हळूच राखाडी वर आलं. दाणेदार, खरबरीत. खांब दिसला. खांबावरचं घड्याळ दिसलं. किशोरनं मोठं करून उजव्या कोपऱ्यात सरकवलं.

भिंतीला टेकवलेली जाळी होती. पिवळी. मी जिथे ठेवलेली बघितली होती, तिथेच. शेजारी मशीन चालू, अर्धा ताव रोलरमध्ये गेलेला. ताव धरून एक माणूस उभा. पुन्हा घड्याळावर गेलो. पाच वाजून बेचाळीस.

“अक्का,” मी म्हटलं, “बघा.”

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, त्यांना जाळी सापडत नसेल. मी बोटानं दाखवणार होते, तर त्यांनीच बोट ठेवलं. जाळीवर नाही. ताव धरलेल्या माणसाच्या उजव्या हातावर.

“ह्या त्याच शेतस,” त्या म्हणाल्या. “हात दखा.”

पाचही बोटं होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची.

मग त्यांनी जाळी बघितली. “दिखनी,” म्हणाल्या आणि खाली बसल्या, खोक्यांना टेकून. डोळे पुसले. मग वर बघून विचारलं, “मंग ती काढी कोनी व्हई? देवरेनी का?”

किशोर माझ्याकडे बघत होता. त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “देवरेंनी काढली. पण मी सांगितलं म्हणून काढली. मला फोटो काढायचा होता.”

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. शेडमधली एक बाई पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो त्यांनी घेतला, प्यायला नाही, हातात धरून बसल्या.

“मी सकायपासून तुम्हनासंगे फिरी राहिनू,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुम्ही आते सांगतस.”

“हो.”

“काबर?”

“भीती वाटली.”

त्यांनी पाणी संपवलं, ग्लास परत दिला. “मंग सकाय हाई बी सांगजा,” म्हणाल्या. “बठ्ठं सांगजा.”

परतीच्या बसमध्ये त्या दुसऱ्या बाकावर बसल्या. जागा होती माझ्या शेजारी.

किशोरनं कॅमेरा मला दोन दिवस राहू दिला. दुसऱ्या दिवशी अकराला मी नरडाण्याला पोचले. मीटिंग रूममध्ये मॅनेजर साहेब, चौकशीसाठी नेमलेले धुळ्याचे एक वकील, देवरे, आणि कोपऱ्यात भटू आप्पा. उजव्या हाताला मोठी पट्टी, तो हात त्यांनी टेबलाखाली ठेवला होता. रत्नाअक्कांना बाहेर बसवलं होतं.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि काय आणलंय ते सांगितलं. आधी काळा फोटो दाखवला, मग त्यांच्यासमोरच मेनू उघडून उजेड वाढवला. वकील उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. घड्याळ दिसलं तसं त्यांनी रजिस्टर मागवलं.

देवरे म्हणाले, “साहेब, आजकाल फोटोत काहीही करता येतं. एडिट केला असेल.”

मी म्हटलं, “भाऊ, ही फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. कालचा अख्खा दिवस त्यात गेला. जी उघडत नाही ती मी बदलणार कशी?”

वकिलांनी मला तेच दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. कुलूप काय, कोणाचं, कुठे उघडतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मग मी म्हटलं, “अजून एक सांगायचंय. जाळी देखभालीसाठी काढली नव्हती. माझ्या फोटोसाठी काढली. मी सांगितलं म्हणून.”

मॅनेजर साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, हे तुम्ही लिहून देताय?”

“देते.”

“तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? उद्या दुसऱ्या कंपन्या विचारतील, ही कोण फोटोग्राफर, सेफ्टी गार्ड काढायला लावते.”

“कळतंय.”

मग देवरे बोलले. आवाज एकदम वेगळा झाला होता त्यांचा. “शूटिंगमुळे तासभर मशीन बंद होतं साहेब. संध्याकाळी गाडी भरायची होती. तुम्ही स्वतः दोनदा फोन केला होता, माल कुठे. मी म्हटलं आधी मशीन चालू करू, जाळी गाडी गेल्यावर लावू. मग राहून गेलं. रजिस्टर मी दुसऱ्या दिवशी भरलं. अॅक्सिडेंट झाल्यावर.”

मी त्यांना पाच मिनिटं म्हटलं होतं. प्रत्यक्षात लाइट हलवत, कोन बदलत मी तिथे तासभर घालवला होता. हे मला तोपर्यंत आठवलंच नव्हतं. किंवा आठवायचं नव्हतं.

मॅनेजर साहेब खिडकीकडे बघायला लागले. वकिलांनी विचारलं, “भटू आप्पा, तुम्हाला काही म्हणायचंय?”

आप्पांनी मान हलवली. नाही.

महिन्याभरानं आरोप मागे घेतल्याचं पत्र आलं. आप्पांची नोकरी राहिली, त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. देवरेंना दुसऱ्या खात्यात टाकलं. मॅनेजर साहेबांना कोणी काही विचारलं की नाही, मला माहीत नाही. मला त्या कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. ब्रोशरमध्ये त्या मशीनचा फोटो टाकू नका असं मी लेखी कळवलं होतं, त्यालाही उत्तर नाही. कॅमेरा कंपनीकडे मी तक्रार केली. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असा मेल आला. कुलूप अजून आहे.

मधे एकदा मी आप्पांच्या घरी गेले. जायला दोन महिने लावले. रत्नाअक्कांनी चहा दिला, बोलल्या कमी. आप्पा अंगणात बसून डाव्या हातानं वहीत आकडे काढत होते, स्टोअरमध्ये नोंदी कराव्या लागतात म्हणून. मी त्यांची माफी मागितली. पाठ करून गेले होते तरी वाक्य अर्धंच झालं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “ताई, तुम्ही सांगं, देवरेनी काढी. पन सकायले मशीन मीच चालू करं ना? जाई भितले लायेल व्हती. माले बी दिखत व्हती. मी बी बोलनू नही.” मग म्हणाले, “इतला वरीस काम करं. बोलाले काय लागस?”

त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि सात काढला. उलटा आला. खोडला, परत काढला.

आता नवा कॅमेरा हातात आला की काम सुरू करण्याआधी मी एक फोटो काढते आणि घरच्या कॉम्प्युटरवर RAW उघडते. उघडली नाही तर तो कॅमेरा वापरत नाही, कितीही चांगला असो. काम संपलं की महत्त्वाच्या फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा प्रकारात एक प्रत करून ठेवते. आपण काढलेला फोटो बघायला दुसऱ्याची परवानगी लागणार असेल तर तो आपल्याकडे आहे असं समजू नये.

आणि मशीनपुढे जाळी असेल तर जाळीसकट फोटो काढते. फोटो तेवढा चांगला येत नाही. क्लायंट विचारतात, मॅडम, मशीन नीट दिसत नाही. मी म्हणते, चालू मशीन असंच दिसतं.